झाकणाआतली चिठ्ठी

२ मे

नवं गाव, नवं घर, नवी नोकरी, आणि सत्तावन्नाव्या वर्षी पहिली रोजनिशी. लेकीनं फोनवर बजावलं, बाबा, कुणाशी बोलत नाही तर निदान लिहीत जा. घर झकास आहे. वर माझ्या दोन खोल्या, खाली घरमालकीणबाई. त्या बोलायला लागल्या की माणूस उभ्याउभ्या म्हातारा होतो.

दुकानाच्या मालकांनी आल्याआल्या तीन तक्रारी हातात दिल्या. पहिल्या घरी एसी गार करत नाही म्हणून बोंब. पाहतो तर फिल्टरवर बोटभर धूळ. धुतला, काम झालं. दुसरीकडे भिंतीवरून पाणी ओघळत होतं. पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली. तिसरीकडे रिमोटचे सेल उतरले होते, आणि तेवढ्यासाठी नवराबायकोचा चार दिवस अबोला. काम झालं की झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवतो: तारीख, बिघाड, सही. पुढच्या मेकॅनिकला कळावं. तीस वर्षांची सवय आहे ती.

४ मे

आमचा जुना एसी सोबत आणलाय, तो आज झोपायच्या खोलीत बसवला. हा हिच्या, माझ्या बायकोच्या, खोलीतला. गेल्या वर्षी एप्रिलात बंद पडला तेव्हा ही गुडघ्याच्या ऑपरेशननं पलंगाला खिळलेली होती. बिघाड अगदी क्षुल्लक, बाहेरच्या युनिटचा कपॅसिटर गेलेला. मुठीत मावणारा डबा, बदलायला अर्धा तास. नवा माझ्या पिशवीतच होता. पण ऐन सीझन, गिऱ्हाइकांची रीघ. रोज सकाळी मी म्हणायचो, आज लवकर येऊन बघतो. रोज रात्री म्हणायचो, उद्या नक्की. दिव्याखाली अंधार म्हणून ती हसायची. पंधराव्या दिवशी दुपारी मी कुणाच्या तरी दिवाणखान्यात हवा गार येते का बघत होतो, आणि इकडे बंद खोलीत ती गेली. डॉक्टर म्हणाले उष्माघात. मला विचाराल तर तिला मी मारलं.

पिशवीतला तोच कपॅसिटर आज लावला. लगेच सुरू झाला. आत चिठ्ठी चिकटवली आणि बराच वेळ तिथेच रडत बसलो.

७ मे

एसी चालतोय, पण खोली तापतेय. स्वयंपाकघरात एकतीस, या खोलीत एकेचाळीस. फिल्टर स्वच्छ, कॉइल स्वच्छ, गॅसचा दाब बरोबर, बाहेरचा पंखा जोरात. झडपेशी हात धरला तर वारा बर्फासारखा, पलंगापाशी गेलं की भट्टी. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या. मालकांना विचारलं तर म्हणाले, मेकॅनिकनं मेकॅनिकला विचारायचं म्हणजे कलियुग आलं.

९ मे

सेन्सर तपासायला झाकण उघडलं. माझी चिठ्ठी नव्हती. तिच्या जागी वहीचा एक कागद, चार घड्या घातलेला, आणि अक्षर हिचं. दहा एप्रिल, आज बघतो म्हणाले, आले नाहीत. अकरा एप्रिल, आज बघतो म्हणाले, आले नाहीत. असं खाली चोवीस तारखेपर्यंत. पंधरा ओळी.

तिला पाणी प्यायलाही उठता येत नव्हतं. एवढ्या उंचावर तिनं कागद ठेवला कसा? आणि चार तारखेला मी हेच झाकण माझ्या हातांनी पुसलं होतं.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, तो एसी भंगारात द्या आणि इकडे निघून या. उद्या बघतो, म्हणालो. मग माझ्याच तोंडाची शिसारी आली.

११ मे

कागदावर सोळावी ओळ. दहा मे, आज बघतो म्हणाले, आले नाहीत.

काल सकाळी कामावर निघताना रिकाम्या खोलीकडे पाहून मी खरंच तसं म्हटलं होतं. सवयीनं. परत आलो तेव्हा गादी ओली होती, घामानं भिजते तशी, आणि उशीत डोक्याएवढा खळगा. घरमालकीणबाई विचारत होत्या, आजारी माणूस आणलंय तर सांगायचं नाही का, दुपारभर पाणी मागत असतं.

१२ मे

कामावर गेलो नाही. मालकांना कळवलं, घरची तक्रार आहे, आधी ती. तीस वर्षांत पहिल्यांदा हे बोललो.

दुपारी दोन. चव्वेचाळीस. पलंगावर ही आहे. दिसत नाही, पण श्वास ऐकू येतोय — शेवटी शेवटी घ्यायची तसा, तोंडानं. उशाशी पाणी ठेवलं. पेला रिकामा झाला. परत भरला. परत —

सगळा एसी खोलला. कुठेच बिघाड नाही. कुठेच —

१३ मे

सेहेचाळीस. हात घामानं निसटतोय, पेचकस धरवत नाही. खालून बाई हाका मारताहेत, दार उघडंच आहे, बाहेर या म्हणून. आहे उघडं. दोन पावलांवर. तिथून गार वाराही येतोय —

पण तेव्हा पंधराही दिवस मी असाच दारातून निघून गेलो.

आता नाही. तिला गार वाटल्याशिवाय —

दुपार

कागद उघडला. आजची ओळ. शाई ओली आहे. डोळ्यांपुढे अंधारी — अक्षर नीट लागत नाही —

आज आले.

आज आले, लिहिलंय तिनं. तिनंच. आणि खोली — खोली गार होतेय, पायापासून, कपाळावर तिचा हात, गार, इतका गार — खाली अजून लिहितेय ती, एकेक अक्षर — अहो, आता जाऊ न