माझ्या सहीवरचा अर्थ

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी सुखरूप आहे. बातम्या पाहून घाबरू नका; दुकानं उघडली आहेत, बस चालू आहेत. चौकात बंदूकवाले उभे असतात, पण त्रास देत नाहीत. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत मात्र एक प्रकार झाला. सरकार उलथवणाऱ्यांसाठी इथल्या भाषेत जो शब्द आहे, त्याच्या अर्थाचं कार्ड मी लिहिलं होतं. मूळ शब्द म्हणजे नुसता दणका, दारावर मारतात तसा. त्यावरून दणका देऊन खुर्ची बळकावणारे ते दणकेवाले. हे मूळ शोधायला मला दोन महिने लागले. आमच्या संपादक सरांनी पाठ थोपटली होती.

सोमवारी पाहते तर कार्डावरचं सगळं खरडून काढलेलं, आणि सरांच्या अक्षरात नवा अर्थ: 'देश सावरायला पुढे आलेले'. आमच्याकडे ज्याचं कार्ड त्याची सही. ती तेवढी माझीच ठेवली होती. केसाने गळा कापला, बाबा!

जाब विचारला तर म्हणाले, "मला पोरंबाळं आहेत गं." जणू मी कुणाचीच पोर नाही.

वाचल्याशिवाय सही करू नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत. मी वाचूनच केली होती. सही झाल्यावर मजकूर बदलतात, हे नव्हतं सांगितलंत.

पत्र टपालात न टाकता, सुट्टीवर तिकडे निघालेल्या शेजारच्या नर्सताईंच्या हाती देतेय. खाली सही करत नाही. अक्षर ओळखालच.

तुमची धाकटी