वर, उजवीकडे, खाली, खाली

सोमवार, ४ डिसेंबर

पोचले! सहा तास बस, त्यातले शेवटचे दोन तास नुसती वळणं. पुढच्या सीटवरच्या बाईचे हाल हाल झाले. मला काही नाही. लिमलेटची गोळी चघळत खुशाल बसले होते.

वन्सं स्टँडवर आल्या होत्या, सोबत त्यांच्याच कारखान्यातली शेजारीण. ती इतकी बोलते की गावात तिला टकळीच म्हणतात, आणि ती त्या नावाला ओ देते. वय वर्षं एकसष्ट, पण वन्सं माझी पेटी स्वतः उचलायला निघाल्या! डोळे तपासायचा तक्ता, काचा, फ्रेम, सगळं आत, चांगली बारा किलो. मी ओढूनच घेतली. गाव म्हणजे एक मोठा चढ. खाली बाजार, वर कॉफीचा कारखाना, मधे घरं. ज्याच्या त्याच्या अंगणात कॉफीची फळं वाळत पडलेली. आणि वन्सं पितात चहा! म्हणाल्या, दिवसभर तेच बघायचं, परत कपातही तेच कशाला?

काम सरळ आहे. कारखान्यात लांबलचक टेबलाशी वीस बायका बसतात आणि कॉफीच्या बियांतले काळे, फुटके, किडके दाणे हाताने वेचून काढतात. गेल्या खेपेला काळे दाणे जास्त निघाले म्हणून माल परत आला. मॅनेजरने फर्मान काढलं – सगळ्यांचे डोळे तपासा, जिला दिसत नाही तिला टेबलावरून उठवा. वन्सं त्या टेबलाच्या मुकादम, एकतीस वर्षं. त्यांनीच माझं नाव सुचवलं. माझ्या भावाची बायको चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं नंबर काढते, ती कुणाचं खोटं लिहिणार नाही, असं म्हणाल्या म्हणे.

पण वीसजणींत त्या स्वतःही आल्याच की!

संध्याकाळी उजेडाचा अंदाज घ्यायला ओसरीवर तक्ता टांगला. तो आपला साक्षर-निरक्षर सगळ्यांना चालणारा – इंग्रजी ई ची चित्रं, कुणाचं तोंड वर, कुणाचं खाली, कुणाचं डावीकडे-उजवीकडे. तोंड कुठे ते हाताने दाखवायचं. तेवढ्यात टेबलावरच्या बायका ‘वहिनी’ बघायला आल्या. मला काय, श्रोते मिळाले की झालं! तासभर समजावून सांगितलं. फार लक्ष देऊन ऐकत होत्या.

ह्यांचा फोन. "ताईला नापास केलंस तर परतीचं तिकीट काढू नकोस." म्हटलं, माझ्याकडे वशिला चालत नाही.

मंगळवार, ५ डिसेंबर

थंडी! स्वेटर घालून झोपले, स्वेटर घालूनच उठले. कारखान्यातली खोली बघून आले, खुर्चीपासून तक्त्यापर्यंत वीस फूट लागतात, ते बरोबर भरतात.

बुधवार, ६ डिसेंबर

तपासणी झाली एकदाची. कारखान्याच्या कारकुनाने तक्ता टांगला आणि छडी घेऊन चित्रं दाखवली. मी इकडे खुर्चीपाशी, एकेकीचा एकेक डोळा झाकून उत्तरं ऐकतेय आणि कार्डावर खुणा करतेय.

निकाल – एकोणीसजणी पैकीच्या पैकी! पन्नाशी उलटलेल्या बायका शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचतात. बावीस वर्षांत असं पाहिलं नाही. हवा चांगली, धूर नाही, दिवसभर डोळ्यांपुढे हिरवंगार. दुसरं काय असणार?

आणि विसाव्या वन्सं. सगळ्यात वरचं चित्र, पोळपाटाएवढं. म्हणाल्या, "डावीकडे." ते वर आहे. मला वाटलं थट्टा करतायत. पुढचं चुकलं. त्याच्या पुढचंही. दोन्ही डोळ्यांनी तेच. मी पेन्सिलीने फुल्या मारत गेले.

"झालं?" त्यांनी विचारलं. मी "झालं" म्हटलं आणि कार्ड पेटीत ठेवलं. कार्ड अजून मॅनेजरकडे दिलेलं नाही. पण द्यायचं. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं तर बाकीच्या एकोणीसजणींना काय तोंड दाखवू?

गुरुवार, ७ डिसेंबर

सकाळी वन्संनी माझ्या ब्लाउजचं बटण लावून दिलं. सुई ओवली – पहिल्या फटक्यात! खिडकीकडे तोंड नाही, चष्मा नाही. मी चहाचा कप हातात धरून बघतच राहिले. पोळपाटाएवढं चित्र न दिसणारी बाई सुईचं भोक कसं बघते?

चप्पल अडकवली आणि तडक कारखान्यात. तक्ता अजून भिंतीवर होता. आणि त्याची दुसरी बाजू वर होती!

माझ्या तक्त्याला दोन बाजू आहेत, दोन्हींवर चित्रांचा क्रम वेगळा. ओसरीवर मी दाखवली ती पहिली. कारकुनाने टांगली ती दुसरी, आणि त्याला काय, छडी पुढे सरकवायची एवढंच ठाऊक. आणि मी शहाणी दिवसभर एकदाही मान वर करून बघितलं नाही! पहिली बाजू मला तोंडपाठ, मी नुसती ऐकून खुणा करत होते. म्हणजे भिंतीवर नसलेला तक्ता एकोणीसजणींनी बिनचूक वाचला आणि मी एकोणीस वेळा शाबासकी दिली. भिंतीवर होता तो एकटीने वाचला, आणि तिला मी फुल्या मारल्या. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

टकळीला गाठलं. आधी कानावर हात. मग म्हणाली, सोमवारी ओसरीवरच पाठ केलं, मंगळवारी दाणे वेचता वेचता चालीवर बसवलं, आणि चाल चुकू नये म्हणून तपासणीला तक्त्याकडे कुणी बघितलंच नाही. मला म्हणूनही दाखवलं – वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे... चाल बरी आहे! मग चाल अर्ध्यावरच सोडली. म्हणाली, टेबल सुटलं तर ह्या वयात आम्हाला दुसरीकडे कोण घेणार?

वन्संना सगळं माहीत होतं. मला का सांगितलं नाहीत, विचारलं. म्हणाल्या, "मी मुकादम आहे, चुगलखोर नाही."

मॅनेजरला सांगितलं, तक्ता चुकीचा लागला, चूक माझी, उद्या परत तपासते. पाठांतराचं गिळून टाकलं. आणि सरळ विचारलं, चष्मा लावून दिसलं तर चालेल ना? तर म्हणतो कसा – "चष्मा लावा नाहीतर दुर्बीण लावा, काळा दाणा दिसला पाहिजे." हे आधी सांगितलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं.

शुक्रवार, ८ डिसेंबर

आज तक्ता गुंडाळून ठेवला. लाकडाचा सुटा ई हातात घेतला आणि मनाला येईल तसा फिरवत गेले. करा पाठ!

बाराजणींना चष्मा लागला. साधे नंबर, आठ दिवसांत चष्मे येतील. कुणीही टेबलावरून उठत नाही. टकळीने काच डोळ्याला लावून आधी आपले हातच बघितले. म्हणाली, एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या गं? सगळ्या हसल्या.

वन्सं – दोन्ही डोळे पैकीच्या पैकी, चष्म्याशिवाय. ह्यांना फोन करून सांगितलं, तुमची ताई पहिली आली. किती हसले! मीही हसले. आज मी माझ्यावर भलतीच खूश आहे. चूक केली, पण निस्तरलीही मीच.

शनिवार, ९ डिसेंबर

सहज टेबल बघायला गेले होते. वन्संशी बोलत उभी होते, तेवढ्यात डाव्या अंगाने पोत्यांची हातगाडी आली. त्या हलल्याच नाहीत. टकळीने बोलणं न थांबवता त्यांचं कोपर धरलं आणि दोन पावलं मागे ओढलं. गाडी गेली. टकळीचं वाक्यही पुरं झालं.

त्या ओढण्यात सवय होती. मग मी दुपारपर्यंत तिथेच ठाण मांडलं. वन्संचा चहा कुणी बाजूला ठेवत नाही, थेट पुढ्यात. चालताना पायरी आली की शेजारची आपली उगीच "पायरी" म्हणते. आणि वन्सं कुठे बघायचं तर नुसती नजर वळवत नाहीत, अख्खी मान वळवतात. सहा दिवस मी त्यांच्याकडे जेवतेय, राहतेय, आणि माझ्या ध्यानात आलं नाही!

घरी त्यांना समोर बसवलं. एक डोळा झाकला. म्हटलं, माझ्या नाकाकडे बघायचं, मान हलवायची नाही, मी कडेने बोटं हलवत आत आणते, दिसली की सांगा. मला माझी बोटं केव्हाच दिसत होती. त्या गप्प. हात पार मधे आला तेव्हा "हं" म्हणाल्या. दुसरा डोळा तसाच. खालूनही तसंच.

काचबिंदू. डॉक्टर नाही मी, पण पैज लावते. दुखत नाही, खुपत नाही. कडा आधी जातात, मधलं शेवटपर्यंत राहतं, त्यामुळे माणसाला स्वतःलाही कळत नाही. आणि माझा तक्ता काय विचारतो? नाकासमोरचं. नाकासमोर वन्संना सुईचं भोकसुद्धा दिसतं.

सगळं नीट सांगितलं. गेलं ते परत येत नाही, पण थेंब घातले तर उरलेलं टिकतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते राहू दे. पास की नापास, एवढंच सांग."

रविवार, १० डिसेंबर

मॅनेजरच्या घरी जाऊन वन्संचं कार्ड दिलं. पेनाने लिहिलं. टेबलाशी बसून वेचायला हरकत नाही. गाड्यांच्या वाटेत फिरायचं नाही. ह्याच आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचं. मॅनेजरने दोनदा वाचलं. म्हणाला, टेबलावरची जागा राहील, पण मुकादमाला फिरावं लागतं. मुकादमकी टकळीकडे गेली.

वन्सं दुपारभर माझ्याशी बोलल्या नाहीत. टकळी येऊन रडून गेली, तिचीच समजूत वन्संनी काढली. मी माझ्या पेटीत उगीच आवराआवर करत बसले. वाईट वाटतंय. पण परत लिहायला सांगितलं तर तेच लिहीन.

चहाच्या वेळी स्वतःच माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, राग नाही, पण एकतीस वर्षांचं काम गेलं, वाईट वाटणारच, तू मनाला लावून घेऊ नकोस. मग म्हणाल्या, बाबांचंही शेवटी असंच व्हायचं, दाराच्या चौकटीला धडकायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारपण.

मी सांगितलं, हे रक्तात असतं. एकाला निघालं की सख्ख्या भावंडांचे, मुलांचे डोळे तपासून घ्यायचे असतात. दुकानात गिऱ्हाइकांना हजारदा सांगते, त्याच सुरात सांगून मोकळी झाले.

वन्संनी कप खाली ठेवला. "वहिनी, माझ्या भावाचे तपासलेस?"

तपासलेत की! दर दोन वर्षांनी, त्याच तक्त्यावर. पैकीच्या पैकी.

सोमवार, ११ डिसेंबर

घरी. पेटी दारातच ठेवली, पाय धुतले नाहीत, ह्यांना खुर्चीत बसवलं. एक डोळा झाकला, म्हटलं माझ्या नाकाकडे बघा, बोटं दिसली की सांगा. ह्यांना सगळी गंमतच वाटत होती. मी बोटं हलवत हात आत आणला, आणखी आत आणला, जवळजवळ आमच्या दोघांच्या मधोमध आणला.

"अगं, आण की हात," म्हणाले. "कधीचा वाट बघतोय."