सातविणीला म्हणे सवय झाली

प्रिय उदय,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे कागदावर. कागदाला मध्येच ‘अगं, ऐक तर’ म्हणता येत नाही. मुंबईचं तुझं ट्रेनिंग, तिथलं जेवण, साहेब खूश आहेत, सगळं ऐकलं. आणि फोन ठेवता ठेवता तू सांगितलंस की कोलकात्यातच आणखी तीन वर्षं मिळावीत असा अर्ज केलायस, कारण अनीशला आता इथली हवा मानवलीय. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

इकडची बातमी म्हणजे कॉलेजातलं आमचं झाडांचं काम संपलं. वर्षभर मी आपल्या बेहाला भागातल्या मोठ्या रस्त्यावरची पानं तोडून आणली, धुतली, वाटली, तपासली. धुतल्यावर पाणी तव्याच्या बुडासारखं काळं व्हायचं. आपल्या गॅलरीसमोरचा तो छातिम, म्हणजे आपली सातवीण, तपासणीत ‘सहनशील’ ठरली. सोसायटीच्या बैठकीत सेक्रेटरी दासबाबूंना तेवढा एकच शब्द आवडला. खिदिरपूर गोदीकडचे ट्रक आपल्या रस्त्याने नकोत अशी तक्रार करायचं ठरलं होतं, ती त्यांनी तिथल्या तिथे गुंडाळली. झाडं ठीक आहेत ना दीदी, मग माणसांनाही सवय होते, असं म्हणाले आणि वर मला संदेश, ती त्यांची छेन्याची मिठाई, दिला. मी तो मुकाट्याने खाल्ला, याचाच जास्त राग येतोय.

अरे, सहनशील म्हणजे सुखी नव्हे! विषारी वायूंशी झुंजायला पान आपल्यातलं क जीवनसत्त्व वाढवतं. ते काही फुकट होत नाही, वाढीचं बळ तिकडे खर्ची पडतं. श्वासाची काही छिद्रं धुळीने बुजतात, काही ते स्वतःच मिटून घेतं. विष कमी आत येतं, पण अन्नही कमी बनतं. नवी पानं बारकी येतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला झाड हिरवंच दिसतं. बरं, झाडाची बदली होत नाही, ते बिचारं दुसरं काय करणार? आपली होते ना! आजवर दर वेळी सामान बांधताना आपण कुरकुरलो, आणि नेमकी आता बदली हवी आहे तर तू इथेच मुक्काम मागतोयस.

तू म्हणतोस, अनीशचा श्वासाचा पंप महिनाभर कपाटातच आहे. खरं आहे, मीही खूश होते. काल मात्र त्याला फुटबॉलच्या सरावावरून आणायला जरा लवकर गेले. पोरगा गोलकीपर झाला, कोलकात्याने त्याला फुटबॉलचं वेड लावलं, असं तू सगळ्यांना कौतुकाने सांगतोस. गोलच्या खांबाला टेकून तो नुसता उभा होता. घरी येताना मी सहज विचारलं, तुला तर पुढे खेळायला आवडायचं ना, गोल मारायला? मग म्हणाला, आई, गोलमध्ये पळावं लागत नाही गं, मग खोकला येतच नाही. बाबाला सांगू नकोस, त्याला इथेच राहायचंय. उदय, मी सांगतेय. अर्ज मागे घे.

तुझीच,
अनुजा