कापून टाकलेलं नववं गाणं

प्रिय मुन-शिक,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण पत्राची सुरुवात करायला दुसरा शब्द मला कुणी शिकवला नाही. तुझी नवी रेकॉर्ड मिळाली. नवी म्हणजे जुनीच, नवे कपडे घालून आलेली. माझ्या भाच्यानं, जे-ह्वाननं, मागवली. जाडजूड कव्हर, आत फोटोंची पुस्तिका आणि वर लिहिलंय, 'अठ्ठ्याहत्तर सालचा हरवलेला आवाज'. हरवलेला कसला डोंबलाचा, लॉस एंजेलिसला तर होतास. कव्हरवर फोटो तोच आहे. हान नदीच्या काठी तू गिटार घेऊन बसलायस आणि मागे एक मुलगी पाठमोरी उभी आहे. ती पाठ माझी. त्या दिवशी वारा फार होता आणि अंगातला कोट माझ्या ताईचा होता. पुस्तिकेत त्या पाठीबद्दल अवाक्षर नाही.

पुस्तिका मी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली. पुरुषांच्या लांब केसांवर तेव्हा बंदी, म्हणून म्यॉंगदोंगच्या चौकात पोलिसांनी तुझे केस कातरले ते तू छान सांगितलंयस. खरंच आहे ते. फक्त नंतर माझ्या खोलीवर येऊन तू हमसून हमसून रडलास आणि मी तुला गरम बार्लीचं पाणी पाजलं, ते राहून गेलं. असू दे, पुरुषांच्या आठवणीत जागा कमी असते. मग शेवटच्या पानावर, तळाशी, मुंगीच्या अक्षरात हे सापडलं: 'मूळ रेकॉर्डवरील नववे गाणे, म्हणजे त्या काळी सक्तीने घालावे लागणारे संस्कारगीत, कलावंताच्या इच्छेनुसार वगळले आहे. ते स्टुडिओने आणलेल्या एका गायिकेने म्हटले होते.' मी ते दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मुन-शिक, मला स्टुडिओनं आणलं नव्हतं. मी तुझ्याबरोबर बसनं आले होते, तुझी गिटार मांडीवर घेऊन, कारण तुझं मनगट दुखत होतं आणि गर्दीत कुणाचा धक्का लागेल म्हणून तू कासावीस झाला होतास. दुपारचा डबासुद्धा मीच आणला होता, समुद्रशेवाळात गुंडाळलेला भात. तुझ्या ऑर्गनवाल्यानं त्यातला अर्धा एकट्यानं खाल्ला. तुझी आठ गाणी झाली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. मग स्टुडिओचे म्हातारे मालक आत आले आणि म्हणाले, "संस्कारगीत राहिलंय. ते नाही तर सरकारचा शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर रेकॉर्ड नाही. कुणीही म्हणा रे बाबांनो, पण म्हणा." तू म्हणालास, "मी माझं तोंड विटाळणार नाही." आणि सिगारेट ओढायला बाहेर निघून गेलास. तुझ्यामागून तुझे दोघं दोस्तही गेले, त्यांचीही तोंडं सोवळ्यातली. मालक डोकं धरून बसले. ऑर्गनवाल्यानं माझ्याकडे बघितलं, "तू म्हणतेस का गं पोरी?" तुझ्या आठ गाण्यांना शिक्का मिळावा म्हणून मी म्हटलं. दुसरं काही कारण नव्हतं.

गाण्याचे शब्द तुला माहीतच नसतील. हसत कामाला चला, रस्ते रुंद करा, डोंगर हिरवे करा, असलं सगळं सरकारी. पण शेवटच्या ओळीत होतं, 'दिवा लागलाय, आता घरी या.' ती ओळ वाचली आणि मला आमची जोम-रे ताई डोळ्यांसमोर आली. ताई तेव्हा चोंगग्येच्योनच्या कापडबाजारात, माळ्यावरच्या शिवणखोलीत मशीन चालवायची. छत इतकं ठेंगणं की उभं राहिलं तर डोकं आपटायचं. सकाळी अंधारात जायची आणि आमचा दिवा विझायच्या बेताला यायची. तिच्या पगारावर मी शिकत होते. माझ्याकडून तुला जे मिळायचं तेही तिच्याच मशीनवरून आलेलं होतं, तुझा तो निळा सदरासुद्धा. तर मी ते गाणं मिरवणुकीच्या चालीत म्हटलंच नाही. हळू म्हटलं, दारात उभं राहून कुणाची तरी वाट बघावी तसं. ऑर्गनवाला शहाणा, त्यानंही बोटं सावकाश टाकली. संपल्यावर मालक नाक शिंकरून दिवे मालवायला लागले. तू आत आलास, अंगाला धुराचा वास, आणि म्हणालास, "झालं का ते एकदाचं? चला." तू ते गाणं आजवर ऐकलेलंच नाहीस, असं मला वाटतं. न ऐकताच कापलंयस.

पुढे चहाच्या अड्ड्यावर तुझ्या मित्रांनी मला 'सरकारी मैना' म्हणायला सुरुवात केली. "आली बघा मैना, उठून उभे राहा रे!" सगळ्यांत मोठ्यानं तू हसायचास. मीही हसायचे, तेव्हा मला तेच प्रेम वाटायचं. नंतर तुझ्या 'रिकामी बस' या गाण्यावर बंदी आली. देश एवढी प्रगती करत असताना बस रिकामी कशी, असं गाणी तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं म्हणणं होतं. रेकॉर्डी दुकानांतून गोळा करून फोडल्या गेल्या. तू अमेरिकेला जातो म्हणालास, तिकडून बोलावून घेतो म्हणालास. तुझं एक पत्र आलं, त्यात तिकडच्या समुद्राचं वर्णन होतं. मग कुणाकडून तरी कळलं की तुझं लग्न झालं, सासऱ्याची कपडे धुण्याची दोन दुकानं आहेत. चांगलं झालं. मी तेव्हा लोकांना सांगत फिरत नव्हते की वाट बघतेय, त्यामुळे वाट बघणं थांबवलं तेही कुणाला सांगावं लागलं नाही. ताईला तेवढं कळलं. तिनं त्या रात्री मला गोड भाताची पेज करून दिली आणि एका शब्दानं तुझं नाव काढलं नाही.

आता तुला न माहीत असलेली गोष्ट सांगते. तुझी आठ गाणी बंद झाली, पण नववं बंद करणार कोण? ते सरकारचंच होतं, आणि त्यांनी ते आधीच वेगळं उतरवून घेतलं होतं. बाजारातल्या खोल्यांमधून जेवणानंतर कर्णा लागायचा, आणि त्यावर असलीच गाणी लावायला परवानगी असायची. त्यांत माझंही लागायचं. ताई मशीन थांबवून म्हणायची, "ही माझी धाकटी गातेय." पोरी म्हणायच्या, "चल, काहीतरीच! कव्हर दाखव, नाव कुठंय तिचं?" नाव नव्हतंच. ताई त्यांच्याशी भांडायची, एकदा तर एकीच्या झिंज्या धरल्या. पण गाणं सगळ्यांना पाठ झालं. शेवटची ओळ आली की मशीनच्या पॅडलवरचे पाय आपोआप मंद व्हायचे. मुकादम वैतागून म्हणायचा, "हे लावलं की मशिनी झोपतात. कसलं संस्कारगीत हे, बंद करा!" आणि त्याचा साहेब म्हणायचा, "अरे, सरकारमान्य आहे, बंद कसं करणार?" तू ज्याला सरकारची हुजरेगिरी म्हणतोस ना, त्यानं त्या माळ्यांवर रोज पाच मिनिटं का होईना, काम ढिलं पाडलं. तुझ्या बंडखोर गाण्यांना ते जमलं नाही, कारण ती तिथवर पोचलीच नाहीत.

माझ्याजवळची रेकॉर्ड मी ताईकडे ठेवली होती. बंदीच्या दिवसांत वॉर्ड कचेरीची माणसं रेकॉर्डी शोधत घरोघर फिरताहेत अशी आवई उठली, आणि ताईनं घाबरून ती अंथरुणाखाली लपवली, खोलीच्या अगदी ऊबदार टोकाला, जिथं आम्ही उशिरा येणाऱ्यासाठी भाताचं भांडं झाकून ठेवायचो. खाली, जमीन तापवणाऱ्या चुलीत, कोळशाची नवी वडी पेटलेली. वॉर्डाचं कुणी आलं नाही, पण सकाळी रेकॉर्डची कड पापडासारखी वर आली होती. सुई बाहेरच्या बाजूला ठेवली की उडायची. आतला, मधला भाग तेवढा सपाट राहिला होता. आणि मध्ये काय होतं? माझं गाणं. त्यानंतर आमच्या ताईच्या घरात तुझं एकही गाणं कधी वाजलं नाही. ती रेकॉर्ड उलटायचीच नाही, सुई थेट शेवटी ठेवायची. हिवाळ्याच्या किमचीसाठी कोबी मिठात घालताना, जे-ह्वानचे शाळेचे कपडे शिवताना, नवरा गेला त्या वर्षी नुसती बसून. तिच्या मते ती रेकॉर्ड एकाच गाण्याची होती आणि गाणारी एकच होती.

ताई आता उइजोंगबूच्या वृद्धाश्रमात आहे. डोकं चालत नाही. जे-ह्वानला ती कधी मुकादम समजते, कधी आमचे वडील. उन्हाळ्याआधी त्यानं तिचं घर रिकामं केलं आणि ती वाकडी रेकॉर्ड भंगारात दिली. "मावशी, ती वाकडी थाळी ठेवून काय करायचं? नवी कोरी येतेय की, आवाज एकदम स्वच्छ!" मोठ्या हौसेनं त्यानं तुझी ही रेकॉर्ड मागवली, ती वाजवायला छोटा रेकॉर्ड-प्लेअरही आणला. त्याला काय बोलणार? आईसाठीच केलं त्यानं. आम्ही तिला खुर्चीत बसवलं, तिनं हात मांडीवर ठेवले, गुडघ्यावरचं पांघरूण सारखं केलं. तुझी गाणी एकामागून एक झाली, खरंच स्वच्छ वाजली. ताईनं ती जन्मात पहिल्यांदा ऐकली. मध्येच म्हणाली, "हा मेला कोण एवढा रडतोय?" जे-ह्वान हसला, मीही हसले. मग आठवं संपलं. सुई रिकाम्या जागेत खरखरत फिरायला लागली. ताई जरा पुढे सरकून बसली. मी सुई उचलायला गेले तर तिनं माझ्या हातावर फटका मारला.

तेव्हापासून मी शोधतेय. मी जुन्या रेकॉर्डींच्या बाजारात गेले. एक दुकानदार म्हणाला, ज्याच्याकडे मूळ प्रत आहे तो तिला सुईही लावू देत नाही. जे-ह्वाननं फोनवर शोधलं. तुझी आठही गाणी लोकांनी तिथं चढवलीत, नववं कुणीच नाही. कचरा कोण चढवतो? शेवटी तुझ्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी गोड बोलली. मूळ फीत त्यांच्याकडे आहे, नववं गाणं त्यावर धडधाकट आहे, पण ते बाहेर कुणालाही द्यायचं नाही असं तू लिहून दिलंयस. ती म्हणाली, "आजी, सरांनी नुसतं हो म्हटलं तरी मी लगेच पाठवते." मी तिला सांगितलं नाही की गाणारी मी आहे. सांगून काय, कव्हर दाखव म्हणाली असती.

मुन-शिक, मी काही मागायला तुझ्या दारात कधी आले नाही, आणि या रेकॉर्डीनिमित्त तू इकडे येऊन करणार आहेस म्हणे, त्या कार्यक्रमाचं तिकीटही मला नको. रेकॉर्डवर ते गाणं परत घाल असंही म्हणत नाही, नावही लावू नकोस. हे पत्र लिहायची वेळ आली ती गेल्या रविवारमुळे. ताई आता खाणं सोडत चालली आहे, डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. पण दुपारी रेकॉर्ड लावायला लावते आणि संपली की तशीच वाट बघत बसते. मला ते बघवेना, म्हणून रविवारी मी तिच्यापाशी बसून स्वतःच गायला लागले. गळा गेलाय माझा, पण शब्द सगळे आले. 'दिवा लागलाय'पर्यंत पोचले, तोच तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी समजुतीनं म्हणाली, "आजीबाई, जरा गप्प बसा हो. आता आमची धाकटी गाणार आहे." ती धाकटी आता माझ्याजवळ नाही, मुन-शिक, ती तुझ्या फितीत आहे. तिला सोड. तुला तोंड विटाळायचं कारण नाही, कंपनीतल्या त्या मुलीसमोर नुसती मान हलवलीस तरी तिला कळेल.

एके काळची तुझीच, आणि तुझ्या पुस्तिकेप्रमाणे स्टुडिओनं आणलेली,
ओक-बुन