मसाला कांडपात लीन

२ एप्रिल, जेवणं झाल्यावर

फोनसमोर बोललं की फोन लिहून घेतो, असं गंधालीने आज दाखवलं. मला वाचता येत नाही, त्यामुळे तो काय लिहितो ते मी तपासणार नाही. तोही मला काही विचारत नाही. संबंध चांगले राहतील.

नंदकुमारने आज भर जेवणात जाहीर केलं. यंदाच्या सीझनमध्ये कांडपावर मारामारी झाली, तर गाळ्याची चावी नलिनीकडे. नलिनी म्हणजे त्याची बायको. आणि मी घरी बसायचं. माझाच मुलगा. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या पाठीत मी उलथणं घातलं, ते त्याने मनात धरलंय. ती बाई आधी बोलली होती. शिवाय उलथणं गार होतं.

गिरणी बंद पडल्यावर ह्यांनी चारकोपच्या इस्टेटमध्ये गाळा घेऊन डंका बसवला. लोखंडी मुसळं, दगडी उखळ, वर मोटार. हे गेल्यापासून मीच चालवते. मिरची कुटायची जागा आहे ती, पाळणाघर नाही. तरी यंदा शांततेत करून दाखवणार.

उपाय मिळालाय. गंधाली, माझी नात, विक्रोळीला कारखान्यात क्वालिटीत आहे. म्हणाली, आमच्याकडे लीन आहे, जपानी पद्धत. गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नाही ते सगळं वेस्ट, ते काढून टाकायचं. रोज थोडी सुधारणा, तिला कायझेन म्हणतात. मी म्हटलं, हे मी जन्मभर करतेय. ती हसली. कौतुकाने.

उद्यापासून कुणावर हात उचलणार नाही. पायसुद्धा.

३ एप्रिल

पहिली पायरी, साफसफाई. जे लागत नाही ते बाहेर. फुटकं स्टूल, जुनी कॅलेंडरं, माझ्याकडे कामाला असलेल्या सुंदराबाईचं उसवलेलं सूप, आणि डंक्याच्या एका पायाखाली कुणीतरी सारलेली वीट. सगळं नाल्यात टाकलं. गाळा झकास दिसायला लागला.

मशीन सांभाळणाऱ्या धाकूने ते चालू केलं आणि डंका चालायला लागला. म्हणजे खरोखर चालायला. मुसळं आपटत, उखळासकट, दाराच्या दिशेने. सुंदराबाई मिरच्या भाजत होती, ती कढई सोडून पळाली. धाकूने उडी मारून बटण बंद केलं, नाल्यात उतरला, वीट घेऊन आला, माझ्या डोक्यावर धरली आणि विचारलं, काकी, ही इट खंय ठेवू, हय काय डंक्याखाली?

डंक्याखाली म्हटलं. लीनमध्ये कामगाराचं मत घ्यावं लागतं.

सुंदराबाईला नवीन सूप दिलं. तिने पहिल्यांदा ते माझ्या खांद्यावर वापरून बघितलं. सूप हलकं असतं. मी मारामारीत धरत नाही.

८ एप्रिल

गंधालीच्या कारखान्यात चूक दिसली की साधा कामगारही दोरी ओढून मशीन थांबवतो. कुणी रागवत नाही. मला फार आवडलं. धाकूकडून डंक्याच्या बटणाला दोरी बांधून घेतली आणि दुसरं टोक गिऱ्हाइकांच्या बाकावर सोडलं. चूक शोधायला आमच्या गिऱ्हाइकांसारखे डोळे नाहीत. मिरची आणलेली बाई उखळासमोर बसते ती मसाला हातात पडेपर्यंत पापणी हलवत नाही. मूठभर मसाला मी मागे ठेवीन, शेजारणीची हलकी मिरची माझ्यात पडेल, असं प्रत्येकीला वाटतं. माझी सासू पण अशीच बसायची. मी पण.

सेक्टर दोनच्या शकूने पहिली दोरी ओढली. मोठी मालवणी बाई, हात जड, आवाज त्याहून जड. म्हणाली, जाडं राहिलं. बरोबर होतं. मग तिच्यामागे नंबर असलेलीने ओढली. म्हणाली, पुरे झालं हिचं, माझं घ्या. मग शकूने. मग तिसरीने, तिचा नंबरच नव्हता, तिला फक्त बघायचं होतं होतंय का. दुपारपर्यंत मुसळं वर जायची आणि तिथेच लटकायची.

शेवटी शकूने एकीचा अंबाडा धरला आणि तो तिच्या हातात आला. गंगावन होतं. त्यामुळे खरी मारामारी म्हणता येणार नाही.

नंदकुमारने विचारलं, आज कसं गेलं. सहभाग चांगला होता म्हटलं.

१५ एप्रिल

वाट बघणं हे सगळ्यात मोठं वेस्ट, असं गंधाली म्हणाली. विचार केला तर आमच्याकडे दुसरं काही होतच नाही. मिरची कुटायला थोडा वेळ, आणि बाया बसतात सकाळपासून. बसल्या की बोलतात. बोलल्या की लागतात एकमेकींना. मूळ सापडलं.

सकाळी सगळ्यांना सांगितलं, पिशव्या ठेवा, घरी जा, संध्याकाळी तयार मसाला न्या. सगळ्यांनी पिशव्या अशा छातीशी धरल्या, जणू मी प्रत्येकीचं तान्हं मूल मागितलं होतं. उत्तराबाई, बँकेतून रिटायर झालेल्या, सगळ्यांशी अहोजाहो करणाऱ्या, हळूच म्हणाल्या, तसं नाही हो आजी, विश्वास आहेच, पण बसते मी. शकू म्हणाली, माझो नाय. आणि बसली.

मी बाकच बाहेर काढला.

त्या आपापल्या पिशव्यांवर बसल्या. शकूची पिशवी तिच्याखाली फुटली. ढकललं कुणी ते कळलं नाही, पण शकूने दोघींना समान वाटून थोबाडीत दिली. एकीने तिच्या दंडाला चावा घेतला. मी मध्ये पडले. मी चावले नाही, कवळी घरी होती.

धाकू म्हणतो, काकी, गेल्या वर्षी सीझनभर झाली नव्हती एवढी आता रोज होते. त्याला मोठं चित्र दिसत नाही. नंदकुमारच्या कानावर काही गेलेलं नाही, म्हणजे झालेलं नाही.

२२ एप्रिल

आता पक्कं सापडलंय. धुणं.

उखळ धुण्यात धाकू किती वेळ घालवतो ते आज नुसतं बघत बसले. सुकट तो दिवसाच्या शेवटी घेतो. मग उखळ घासणार, पुसणार, मूठभर तांदूळ कुटणार, तो वासाचा तांदूळ टाकून देणार. तोवर बाया उभ्या, तोंडं सुरू. गंधालीला फोन केला. ती म्हणाली, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना जेवढा कमी वेळ लागेल तेवढं चांगलं. पुढे काहीतरी म्हणत होती, पण मीटिंग लागली तिची.

उद्यापासून नंबर म्हणजे नंबर. सुकट असो नाहीतर काही असो. मध्ये धुणं नाही.

धाकू हात जोडून म्हणाला, काकी, सुकटीनंतर गोडा मसालो आयलो तर? मी म्हटलं, जपानात सगळे मासे खातात, तिथे चालतं तर इथे काय झालं.

आता भांडायला वेळच उरणार नाही. चावी कमरेला आहे, तिथेच राहणार. आज नलिनीला तिच्यासमोरच खुळखुळवून दाखवली.

२३ एप्रिल, संध्याकाळ

डोळे चुरचुरतायत. थोडक्यात सांगते.

शकूची सुकटीची चटणी झाली. तिच्यामागे उत्तराबाईंचा गोडा मसाला. नंबरप्रमाणे. वेळ वाचला, मी धाकूकडे बघितलं, धाकूने वर छताकडे बघितलं.

उत्तराबाईंनी चिमूट घेतली, नाकाशी नेली. पुन्हा नेली. मला म्हणाल्या, आजी, यात काय आहे?

सुधारणा, मी म्हटलं.

ज्या बाईने आजवर कुणाला अरेतुरे केलं नव्हतं, तिने अख्खा गोडा मसाला माझ्या डोक्यावर ओतला आणि म्हणाली, थेरडे, माझ्या घरात अंडं येत नाही. शकू हसली. ते तिला महागात पडलं. उत्तराबाईंनी रिकामा पितळी डबा फिरवला तो शकूच्या तोंडावर बसला. शकूने अर्धा दात हातात थुंकला, नीट बघितला, पदरात बांधला, आणि ताज्या कुटलेल्या मिरचीची परात उचलून सगळ्यांवर उधळली.

मग कुणालाच काही दिसेना. प्रत्येकीने जे हाताला लागेल ते धरलं आणि अंदाजाने मारलं. सुंदराबाईने मशीन थांबवायला दोरी ओढली, दोरी तुटली. मुसळं आपली खाली वर, खाली वर. धाकू चाचपडत बटणाकडे गेला, मुसळाने त्याची बाही पकडली, खांद्यापासून फाडून उखळात नेली. बाही घेतली. हात वाचला. त्याने ओरडून बटण बंद केलं.

शांतता राखायला मीही उलथणं उचललं. डोळे मिटलेले. जवळ कुणीतरी आडदांड आलं, माझा हात धरायला लागलं. दिला एक ठेवून. ते म्हणालं, आई गं. मारामारीत सगळेच आई म्हणतात, म्हणून मी आणखी एक दिला.

तो नंदकुमार होता.

पहिला बसला तेव्हा त्याचं डोकं फुटलं नव्हतं. डॉक्टरांनी तसं सांगितलंय. दुसऱ्याला फुटलं.

२५ एप्रिल

नंदकुमारच्या डोक्याला टाके आहेत. माझ्याशी बोलत नाही. चहाचा कप मात्र माझ्याच हातून घेतो, दुसरीकडे बघून.

गंधालीने आज सगळ्यांना गाळ्यात बोलावलं. तिच्याकडे अशी पद्धत आहे, बिघाड झाला की पाचदा का विचारायचं, मूळ कारण सापडतं. मला बरं वाटलं. म्हटलं, आता ह्या बायांचं बाहेर येईल.

बाबांचं डोकं का फुटलं? सुंदराबाई माझ्याकडे बोट करून म्हणाली, वहिनीने मारलं. का मारलं? मारामारी होती. का होती? उत्तराबाई म्हणाल्या, मसाल्याला सुकटीचा वास. का? उखळ धुतलं नव्हतं. का नव्हतं धुतलं? धाकू माझ्याकडे न बघता म्हणाला, काकीन सांगितला.

मी म्हटलं, पाच झाले, पण अजून एकदा विचार. गंधालीने विचारलं, आजी, तू का सांगितलंस?

भांडण होऊ नये म्हणून, मी म्हटलं.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

चावी मीच काढून दिली. नंदकुमारने हात पुढे केला होता, पण तो योगायोग.

२८ एप्रिल

चार दिवसांत बोलावणं येईल. नलिनीला मिरचीतलं काही कळत नाही. शकू तिला पहिल्याच आठवड्यात खाईल.

४ मे

बोलावणं नाही. त्यांना लाज वाटत असेल. नलिनी वेळेवर घरी येते, साडी फाटलेली नाही, ओरखडा नाही. लपवते.

१० मे

घरची वर्षाची मिरची कुटायची राहिली होती. नलिनी काल म्हणाली, आई, घेऊन या उद्या, पण नंबराने हं. स्वतःच्या गाळ्यात नंबर. गेले. मुद्दाम गेले, तमाशा बघायला.

बाक परत आत आलाय. धाकू उखळ धुतोय, आरामात. सुकट संध्याकाळी. दोरी नाही. मी माझ्या मिरच्यांसमोर बसले आणि पापणी हलवली नाही, कारण धाकूचा काही भरवसा नाही. एका बाजूला उत्तराबाई, दुसऱ्या बाजूला शकू, तिच्या दातावर टोपी बसलीय. दोघी कैरीच्या लोणच्याचं बोलत होत्या.

आता पेटेल, मग पेटेल, म्हणून वाट बघितली. पेटेना. शेवटी मीच शकूला म्हटलं, तुझ्या मिरच्या सडक्या गो, गटाराचा वास येतोय. चांगलं मोठ्याने म्हटलं. मशीनसुद्धा बंद होतं. उलथणं कुठे आहे तेही बघून ठेवलं होतं.

शकूने वळून बघितलं. मग म्हणाली, आजी, दमलात तुम्ही. पाणी देऊ?

प्यायले.