ऑपरेशनची तारीख मी पुढे ढकलली, अक्का

माझ्या अक्का,

आज लेक बारा दिवसांची झाली. सिद्धार्थ आजपासून कामावर गेलाय, लेक मांडीवर झोपलीय, आणि मस्कतच्या या घरात पहिल्यांदाच मला निवांतपणा मिळालाय. फोटो सगळ्यांना पाठवले. पण बाळंतपण कसं झालं, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

अडतिसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. इथला खासगी दवाखाना म्हणजे हॉटेलच गं! डॉक्टरबाईंनी कागद पाहिला आणि हसून सांगितलं, "बाळ मोठं दिसतंय. गुरुवारी सिझेरियन करून टाकू." आम्ही दोघांनी माना डोलावल्या आणि बाहेर आलो.

गाडीत बसल्यावर सिद्धार्थ म्हणाला, "खरंच गरज आहे का गं? का त्यांच्या सोयीसाठी?"

"मग तिथंच का विचारलं नाहीस?"

"तू तरी कुठं विचारलंस?"

परका मुलूख, जवळ आई नाही, बहीण नाही. नको म्हणावं आणि बाळाला काही झालं तर? हो म्हणावं आणि उगाच पोट चिरलं तर? इंग्रजीत अडखळलो तर त्या काय म्हणतील, ही भीती वेगळीच.

घरी येऊन मी रडले. आणि तुझाच आवाज आठवला, "डॉक्टरला इच्यारायला कामून लाजायलीस? पोट तुझं हाय!"

बारावीला मी बीदरकडच्या राजेश्वर गावी तुझ्याकडे राहायचे. तू तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स. आपल्या घराण्यातली नोकरी करणारी पहिली बाई! कुणाशी कन्नडमध्ये, कुणाशी दखनी उर्दूत, कुणाशी आपल्या मराठीत बोलायचीस; पण सूर सगळ्यांशी एकच, घरच्यासारखा.

ती कमलाबाई आठवते? सकाळपासून कळा देत होती आणि बाळ आडवं होतं. तू बसवकल्याणच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणालीस, तर सासू दारात आडवी उभी. "पोट फाडायचं न्हाई म्हंजे न्हाई!" तू ओरडली नाहीस. खाली बसलीस, तिचे हात हातात घेतलेस. "मावशी, मी बी कापायच्या बाजूची न्हाई. पर आज कापलं न्हाई तर सून बी जाईल, नातू बी. तुमी बी चला गाडीत, माझ्याजवळ बसा." ती सासू मुकाट्यानं जीपमध्ये चढली! दोन्ही जीव वाचले. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मनात म्हणत होते, ही माझी अक्का!

एरवी तूच किती बायांना म्हणायचीस, घाई करू नका, बाळ येईल आपल्या वेळेनं. तुझा हट्ट ऑपरेशनच्या बाजूनंही नव्हता आणि विरुद्धही नव्हता. समोरच्या बाईला कशाची गरज आहे, एवढंच तू बघायचीस.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. चिठ्ठीवर प्रश्न लिहून नेले होते. "मला साखर नाही, बीपी नाही. मग ऑपरेशन कशासाठी? वजनाचा अंदाज चुकू शकतो का? आठवडाभर थांबलो तर धोका काय?" डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, मान वर केली. म्हणाल्या, "थांबता येईल. दर दोन दिवसांनी ठोके तपासायला यावं लागेल. चालेल?" एवढंच! आम्ही उगाच घाबरलो होतो.

पुढच्या मंगळवारी सकाळी आपोआप कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मग बाळाचे ठोके दर कळेला उतरू लागले, सावरेनात. डॉक्टरबाई आल्या, मला मशीनवरचा कागद दाखवला आणि म्हणाल्या, "आता मात्र थांबायला नको."

सिद्धार्थचा चेहरा पांढरा पडला. मीच म्हणाले, "चला, करा." अक्का, मला तेव्हा भीती वाटली नाही! कमरेत इंजेक्शन दिलं, तो माझ्या उशाशी बसला, आणि थोड्या वेळात लेकीनं असं रडणं काढलं की नर्स हसायला लागल्या. वजन सव्वातीन किलो. कसलं मोठं बाळ!

आई फोनवर म्हणाली, "नार्मल न्हाई झालं व्हय गं? एवढी थांबलीस तरी?" मी म्हणाले, "आई, मला कारण कळलं आणि मी हो म्हणाले. हेच माझं नॉर्मल." तू असतीस तर तिला आणखी गोड समजावलं असतंस.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुझ्यावर रुसले आहे. साऱ्या राजेश्वरला वेळेवर तपासायला लावणारी तू, स्वतःची कावीळ अंगावर कामून काढलीस? पंधरा दिवस! "ड्युटी हाय, बघू नंतर." आणि मीही इथून फोनवर ऐकून घेतलं, दरडावलं नाही. तुला जाऊन दीड वर्ष झालं, पण ते अजून सलतं गं.

आमच्या खालच्या मजल्यावर बीदरची शाहीन राहते, सातवा महिना लागलाय. परवा बाळ बघायला आली आणि हळूच म्हणाली, "बाजी, डॉक्टर के सामने मेरेकु बोलना नै आता. साथ चलते क्या?"

त्यांच्यात बाजी म्हणजे अक्काच. मी हो म्हटलंय. टाके पूर्ण भरले की तिच्याबरोबर जाईन, शेजारी बसेन. तिच्या तोंडून प्रश्न निघाला नाही तर मी विचारेन, आणि उत्तर तिला समजेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही. तुला शब्द देते.

तुझी धाकटी,
वंदना