तीस डिसेंबरची तनू

९ नोव्हें., रवि., सातारा
विभागाची बास्केटबॉल निवड चाचणी, तेरा वर्षांखालील मुली. मी टेबलावर, स्कोअरशीट. आमची धाकटी तनू उंचीत शेवटून तिसरी. डाव्या हाताचे दोन्ही ले-अप बास्केट झाले. एकही पास चुकला नाही, मोजत होते. यादीत नाव नाही.
निवडीचे सर माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही. "हात चांगला हाय गं पोरीचा. पन रिंगखाली चेंगरतीया. वाढू दे जरा. पुढल्या वर्षी बघू."
पुढल्या वर्षी ती गटाबाहेर. सरांना माहीत आहे. माझ्या निवडीच्या वेळी मला हेच वाक्य ऐकवलं तेव्हाही माहीत होतं.
सांगलीची एसटी. कराडच्या पुढे तनू, "ताई, वाढायला काय खातात?"


१० नोव्हें.
निवडलेल्या बाराजणींच्या जन्मतारखा टेबलावरच होत्या, काल टिपून घेतल्या. आज कंपनीत जेवणाच्या सुट्टीत क्रमाने लावल्या. जानेवारी, जानेवारी, जानेवारी, फेब्रुवारी... ऑगस्टनंतरची एकच, ती माझ्याएवढी उंच.
गट एक जानेवारीपासून मोजतात. तनू तीस डिसेंबरची. म्हणजे जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलींशी झटत होती. या वयात वर्ष म्हणजे वीतभर उंची.
मशीनवरून उतरलेला गरम, फुगलेला पार्ट आणि कालचा थंड पार्ट मी एकाच मापाने पास-नापास केला तर संध्याकाळी घरी बसेन. निवडीत त्यालाच गुणवत्ता म्हणतात.

१२ नोव्हें.
तनूचा जन्मदाखला शोधताना आईच्या डब्यात लसीचं कार्ड सापडलं. जन्म ४ जानेवारी. दाखल्यावर ३० डिसेंबर. दोनदा वाचलं.
बाबांना विचारलं.
"जतला मामाकडं झाली न्हवं ती. ग्रामपंचायतीत मीच सांगितलं, जुन्या सालात घाला म्हनून. चार-पाच दिसांपायी शाळंचं वरीस जायला नगं."
"जाईल असं कोण म्हणालं?"
"समदी तसंच करत्यात."
तपासलं. तेव्हा पहिलीचा प्रवेश डिसेंबर-जानेवारीवर अडतच नव्हता. शाळेचं वर्ष वाचलं नाही. खेळाचं गेलं.
खऱ्या तारखेने ती पुढच्या वर्षीही गटात बसते. सगळ्यांत मोठी म्हणून.

१५ नोव्हें., शनि.
वकिलांकडे. कार्ड चालेल. सोबत बाबांचं प्रतिज्ञापत्र: जन्माची माहिती चुकीची दिली, कारण अमुक.
घरी बाबा: "म्हंजे मी खोटं बोललो म्हनून मीच लिहून देऊ व्हय?"
मी "हो" म्हणाले. बाबा उठून गोठ्याकडे गेले.
सरांना फोन केला, आधीच सांगितलेलं बरं म्हणून. हसले. "निवड हुकली की समदी पोरं पाच दिसांनी ल्हान हुत्यात, मॅडम. वय चोरलं म्हनतील लोकं." मग, जरा थांबून, "पन तारीख बदलली तर पोरगी घेऊन या. हात चांगलाच हाय तिचा."
हात तोच. रविवारीही तोच होता.

१६ नोव्हें., रवि.
तनूला सांगितलं. उड्या मारेल वाटलं होतं.
"म्हणजे पुढच्या वर्षी मी मोठी आणि बाकीच्या बारक्या?"
"हो."
"मग डिसेंबरवाली कुणीतरी चेंगरणार."
"चेंगरणार."
बॉल गुडघ्यांत धरून बसली. "तू कुठल्या महिन्याची गं ताई?"
"नोव्हेंबर."
"खरंच? का कार्ड बघू?"
ती हसली. मला जमलं नाही. माझं कार्ड मी बुधवारीच पाहिलंय. तारीख बरोबर आहे.

१८ नोव्हें.
बाबा शनिवारपासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला वाढलं की ताटाकडे बघून "बास" म्हणतात. तेवढंच.

२१ नोव्हें., शुक्र.
सकाळी चहाला बसले तर प्रतिज्ञापत्र टेबलावर, वर पाण्याचा तांब्या ठेवलेला. बाबांची सही आहे. नावही, जाडजूड अक्षरात. कारणाची ओळ कोरी.
आई म्हणाली, "थोरलीला ठाऊक हाय, तीच लिहील म्हनालं."
पेन्सिलने लिहिलं: पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून. वाचलं. खोडलं. दुसरं खरं कारण नाही.
अंगणात तनू, गोठ्याच्या भिंतीवरच्या खडूच्या चौकटीवर. डाव्या हाताने वीसपैकी सतरा. बाबा वैरण बाजूला सारून बॉल परत देत होते.
सोमवारी वकिलांकडे जायला अर्धी रजा टाकली आहे. कागद पर्समध्ये, कार्डही. ओळ अजून कोरी.